विहिरीवरचे इंजिन आणि घरी बांधलेले विमान : इंजिनाची निवड व इंधनाची काटकसर यांचा एक ऐतिहासिक विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

हौशी माणसांनी स्वतःच्या हातांनी बांधलेल्या लहान विमानांचा इतिहास पाहू गेल्यास त्यात पंखांच्या आकृत्या, लाकूड व कापड यांचे काम आणि पहिल्या उड्डाणाचे साहस यांची वर्णने विपुल आढळतात. इंजिनासंबंधीची माहिती मात्र बहुधा एका ओळीत आटोपलेली असते : अमुक बनावटीचे, तमुक अश्वशक्तीचे. वस्तुतः विमानाचा सांगाडा एखादा कुशल गृहस्थ आपल्या अंगणात किंवा गच्चीवर तयार करू शकतो. इंजिनाचे तसे नाही. ते कोठून तरी आणावे लागते, आणि जे हाती येते ते पुष्कळदा दुसऱ्याच कामासाठी बनविलेले असते. यामुळे हौशी विमानबांधणीचा इतिहास हा बऱ्याच अंशी परक्या कामाचे इंजिन आपल्या कामास लावून घेण्याचा इतिहास होय. इंधनाच्या काटकसरीचा प्रश्नही याच ठिकाणी उद्भवतो. काटकसर हा एकट्या इंजिनाचा गुण नव्हे. इंजिन, सांगाडा, उड्डाणाचा काळ आणि जवळ मिळणारे इंधन या चौघांच्या मेळातून ती उत्पन्न होते, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य आहे.

या विवेचनासाठी पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांची पार्श्वभूमी घेतली आहे. हे तालुके विमानबांधणीसाठी प्रसिद्ध नाहीत, हे उघड आहे. तथापि तीन कारणांनी ते या प्रश्नाशी निगडित होतात. इंजिन व इंधन यांचा हिशेब येथील शेतकऱ्याने विहिरीच्या काठी केलेला आहे. येथील उंची आणि सह्याद्रीची सान्निध्यता लहान इंजिनाची कसोटी पाहणारी आहे. आणि येथे पिकणाऱ्या उसाचा संबंध आज मोटारीच्या, व म्हणून लहान विमानाच्या, इंधनाशी प्रत्यक्ष जुळलेला आहे. या तीन सूत्रांच्या आधारे मूळ प्रश्नाची मांडणी करता येते.

२. विहिरीवरील हिशेब

कुकडी, पुष्पावती, मीना आणि घोड या नद्यांच्या खोऱ्यांत येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे व डिंभे ही धरणे होण्यापूर्वी बागायत मुख्यतः विहिरीवर अवलंबून होती. दख्खनच्या इतर भागांप्रमाणे येथेही विहिरीचे पाणी मोटेने निघत असे, आणि बैलांच्या श्रमाची जागा पुढे तेलइंजिनाने घेतली. वीज गावोगाव पोहोचल्यावर तेलइंजिनाचे महत्त्व ओसरले. हा बदल ज्या इंजिनांमुळे शक्य झाला त्यांतील पुष्कळशी महाराष्ट्रातच तयार होत. १९२२ मध्ये सातारा रोड येथे स्थापन झालेला कूपर यांचा कारखाना आणि १९४६ मध्ये पुण्यात खडकी येथे उभी राहिलेली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी, ही दोन नावे त्या संदर्भात विसरता येण्याजोगी नाहीत.

विहिरीवरच्या इंजिनाचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. इंग्लंडातील लिस्टर कंपनीचे १९३० च्या सुमाराचे एक-सिलिंडरी डिझेल इंजिन हा या वर्गाचा नमुना मानावयास हरकत नाही. ते सुमारे ६ अश्वशक्तीचे, मिनिटास ६५० फेरे घेणारे व तीनशे किलोग्रॅमहून अधिक वजनाचे असे. म्हणजे प्रत्येक अश्वशक्तीमागे पन्नास किलोहून अधिक लोखंड. शेतकऱ्यास या वजनाचे काही वाटत नसे, किंबहुना जड चाक आणि जड पाया यांमुळेच इंजिन संथ व अखंड चालत असे. त्याचा हिशेब वेगळा होता : एका तासास तेल किती लागते, बिघाड झाल्यास जवळच्या गावी दुरुस्ती होते की नाही, आणि तेल बाजाराच्या गावी मिळते की नाही. इंजिनाची निवड ही केवळ यंत्राची निवड नसून पुरवठ्याची व दुरुस्तीची निवड असते, हा धडा विहिरीवर शिकावयास मिळतो. विमानातही हे तिन्ही प्रश्न जसेच्या तसे राहतात. फक्त त्यांत चौथा, आणि सर्वांत कठोर, असा वजनाचा प्रश्न येऊन मिळतो.

३. परक्या कामाची इंजिने

हा चौथा प्रश्न किती कठोर आहे याची प्रचीती अगदी पहिल्याच उड्डाणाच्या वेळी आली. राईट बंधूंनी मोटारींची इंजिने तयार करणाऱ्यांकडे चौकशी केली, परंतु त्यांना हवे तितके हलके इंजिन कोणी देऊ केले नाही. तेव्हा त्यांच्या सायकलीच्या दुकानातील कारागीर चार्ली टेलर याने सुमारे सहा आठवड्यांत एक इंजिन तयार केले. ते जेमतेम १२ अश्वशक्तीचे व सुमारे ८० किलो वजनाचे होते. १७ डिसेंबर १९०३ रोजी झालेले उड्डाण याच इंजिनावर झाले. मोठ्या शक्तीचे इंजिन नव्हते म्हणून राईट बंधूंनी पंख्याची, म्हणजे प्रोपेलरची, रचना अतिशय काळजीपूर्वक केली आणि असलेल्या शक्तीचा मोठा वाटा कामी लावला. इंजिनाची उणीव सांगाड्याने व पंख्याने भरून काढावयाची, ही रीत येथूनच सुरू होते.

पुढील पिढीतील हौशी बांधणाऱ्यांनी स्वतः इंजिन घडविण्याचा मार्ग सोडला आणि बाजारातील इंजिन उचलले. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातील बर्नार्ड पीटेनपोल याने १९२९ मध्ये आपल्या लाकडी विमानास फोर्ड कंपनीच्या ‘मॉडेल ए’ मोटारीचे ४० अश्वशक्तीचे इंजिन बसविले. ते जड होते. परंतु संथ फिरत असल्यामुळे त्यास पंखा थेट जोडता येई, गिअरची गरज भासत नसे, आणि त्याचे सुटे भाग खेडोपाडी मिळत. विहिरीवरच्या शेतकऱ्याचा हिशेब आणि पीटेनपोलचा हिशेब यांत फारसा भेद नाही.

याउलट फ्रान्समधील आंरी मिन्ये याने १९३३ च्या सुमारास रचलेल्या इवल्याशा विमानास १७ ते २० अश्वशक्तीचे टू-स्ट्रोक इंजिन वापरले. १९३४ मध्ये त्याने आपल्या विमानाची कृती पुस्तकरूपाने प्रसिद्ध केल्यावर युरोपात अनेकांनी ते विमान बांधले. थोड्याच काळात प्राणघातक अपघात झाले व १९३६ मध्ये फ्रान्स व इंग्लंड येथे त्यावर बंदी आली. वातबोगद्यातील चाचण्यांवरून असे दिसून आले की, दोष इंजिनाचा नसून पुढील व मागील पंखांच्या परस्परसंबंधाचा होता. विमान तीव्र उताराने खाली झुकल्यावर त्यास पुन्हा वर काढणे अशक्य होत असे. लहान इंजिनामुळे विमान स्वस्त झाले, म्हणून पुष्कळांनी ते बांधले, आणि पुष्कळांनी बांधले म्हणून रचनेतील दोषाची किंमतही पुष्कळांना द्यावी लागली. काटकसरीच्या इतिहासात ही बाजू गाळून चालणार नाही.

इंग्लंडमध्ये याच काळात तिसरा मार्ग निघाला. पहिल्या महायुद्धानंतर शिल्लक पडलेल्या रेनॉ घराण्यातील आठ-सिलिंडरी इंजिनाचे अर्धे भाग घेऊन फ्रँक हॅलफर्ड या अभियंत्याने सुमारे ६० अश्वशक्तीचे ‘सिरस’ इंजिन तयार केले. त्याभोवती जेफ्री डी हॅविलंड यांनी ‘मॉथ’ हे विमान रचले व ते फेब्रुवारी १९२५ मध्ये प्रथम उडाले. युद्धातील साठा संपत आल्यावर ‘जिप्सी’ हे स्वतंत्र इंजिन करणे भाग पडले. मॉथ हे कारखान्यात तयार होणारे विमान, हौशी बांधणीचे नव्हे. परंतु खाजगी माणसास परवडणाऱ्या विमानाचा पाया स्वस्त इंजिनाच्या उपलब्धतेत असतो, हे त्याने सिद्ध केले.

४. मुंबईचा अनुभव

महाराष्ट्रात या विषयाचा विचार करताना शिवकर बापूजी तळपदे यांचे नाव पुढे येते. १८९५ मध्ये गिरगाव चौपाटीवर त्यांनी विमान उडविल्याची आख्यायिका सुपरिचित आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने अशा आख्यायिकेस विचारावयाचा पहिला प्रश्न इंजिनाचा होय : शक्ती कोठून आली, ती किती होती व तिचे वजन किती होते? त्या काळी युरोप-अमेरिकेत वाफेच्या हलक्या इंजिनांवर मोठा खर्च करूनही माणसास वाहून नेणारे नियंत्रित उड्डाण साधले नव्हते, ही गोष्ट येथे लक्षात ठेवावी लागते. या आख्यायिकेशी पुढे जोडल्या गेलेल्या ‘वैमानिक शास्त्र’ या संस्कृत ग्रंथाचे परीक्षण बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केले. हा ग्रंथ १९०४ पूर्वीचा असू शकत नाही व त्यात वर्णिलेली याने उडण्यास असमर्थ आहेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. तळपदे यांच्या जिज्ञासेविषयी आदर बाळगूनही, शक्तीचा हिशेब नसलेले उड्डाण इतिहासाच्या नोंदीत घेता येत नाही.

निश्चित पुराव्याची भूमी १९२८ नंतर लागते. त्या वर्षी जुहू येथे विमानतळ सुरू झाला व मुंबईच्या फ्लाइंग क्लबाचे कार्य मॉथ जातीच्या विमानांवर चालू लागले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूपर्यंत टपाल आणले, ते ‘पस मॉथ’ या एका इंजिनाच्या लहान विमानातून. अहमदाबाद येथे त्या विमानात भरावयाचे पेट्रोल चार-चार गॅलनांच्या डब्यांतून बैलगाडीने आणले गेले, ही हकीगत अनेकवार सांगितली गेली आहे. तिच्यातील अर्थ केवळ गमतीचा नाही. विमानाचा मार्ग नकाशावर आखला जातो, परंतु त्याचे टप्पे इंधन जेथे पोहोचते तेथे पडतात. जितके इंजिन काटकसरी तितके टप्पे दूर.

५. वजन आणि काळ यांचे गणित

आता मूळ गणित स्पष्ट करणे इष्ट होईल. लहान विमानांत वापरले जाणारे साधे चार-स्ट्रोक पेट्रोल इंजिन एका अश्वशक्तीसाठी तासास सुमारे २०० ग्रॅम इंधन घेते. टू-स्ट्रोक इंजिन सुमारे ३०० ग्रॅम घेते, कारण त्यात नव्या मिश्रणाचा काही भाग न जळताच धुराबरोबर निघून जातो. डिझेल इंजिनास सुमारे १६० ते १८० ग्रॅम पुरतात. एवढ्यावरून डिझेल सर्वांत चांगले व टू-स्ट्रोक सर्वांत वाईट असे म्हणावेसे वाटेल. परंतु टू-स्ट्रोक इंजिन हलके असते, व डिझेल जड.

समजा, उड्डाणात सतत ४८ अश्वशक्ती लागते. टू-स्ट्रोक इंजिन तासास १४ किलोपेक्षा थोडे अधिक इंधन जाळील, चार-स्ट्रोक इंजिन १० किलोच्या आत. फरक तासास पावणेपाच किलोंचा. चार-स्ट्रोक इंजिन वीस किलोंनी जड आहे असे मानल्यास हे जास्तीचे वजन सुमारे चार तासांच्या उड्डाणात भरून निघते. एका तासाच्या विहारासाठी टू-स्ट्रोक विमान हलके राहते. पाच तासांच्या प्रवासासाठी चार-स्ट्रोक विमान एकूण वजनात हलके ठरते. म्हणजे काळ कळल्याखेरीज इंजिनाची निवड करता येत नाही. याच न्यायाने १९३१ मध्ये अमेरिकेत पॅकार्ड कंपनीच्या डिझेल इंजिनावर एक विमान मध्ये इंधन न घेता ८४ तासांहून अधिक काळ हवेत राहिले. इतक्या दीर्घ उड्डाणात जड इंजिनाचे ओझे वाचलेल्या इंधनाने सहज फेडले.

दुसरी बाब वेगाची. हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो व त्यासाठी लागणारी शक्ती घनाप्रमाणे. दोनशे किलोमीटरचा वेग एकशेऐंशीवर आणला, तर या अवरोधासाठी लागणारी शक्ती सुमारे सत्तावीस टक्क्यांनी कमी होते. अर्थात पंखांना उचल देण्यासाठी लागणारी शक्ती वेग कमी झाल्यावर वाढते, म्हणून प्रत्येक विमानास काटकसरीचा असा एक विशिष्ट वेग असतो. इंजिन बदलून जे साधत नाही ते पुष्कळदा सांगाड्याचा अवरोध कमी करून आणि वेग आवरून साधते.

या तत्त्वाचा सर्वांत प्रभावी उपयोग अमेरिकन अभिकल्पक बर्ट रुटान याने केला. त्याचे ‘व्हॅरिईझ’ विमान मे १९७५ मध्ये प्रथम उडाले ते फोक्सवॅगन मोटारीच्या इंजिनावर. नंतरच्या नमुन्यांत काँटिनेंटल कंपनीचे १०० अश्वशक्तीचे विमान-इंजिन आले. १९७७ मध्ये त्याच्याच कल्पनेतून निघालेल्या ‘क्विकी’ या एकआसनी विमानाचे इंजिन तर वीजनिर्मितीच्या जनित्रावर वापरले जाणारे, केवळ १८ अश्वशक्तीच्या आसपासचे होते. इंजिन आधी निवडले गेले व विमान त्याच्याभोवती रचले गेले. डिसेंबर १९८६ मध्ये ‘व्हॉयेजर’ या विमानाने मध्ये न थांबता व इंधन न घेता पृथ्वीप्रदक्षिणा केली. उड्डाणाच्या वेळच्या सुमारे ४,४०० किलो वजनापैकी ३,१८० किलो इंधन होते. नऊ दिवसांनंतर त्यातील पन्नास किलोही शिल्लक नव्हते. त्यास दोन इंजिने होती. पुढील इंजिन भार कमी झाल्यावर बहुतेक प्रवासात बंद ठेवले गेले, आणि पाण्याने थंड राखलेले ११० अश्वशक्तीचे मागील इंजिन काम करीत राहिले. चाळीस हजार किलोमीटरांच्या त्या प्रवासाची सरासरी दर शंभर किलोमीटरांस सुमारे अकरा लिटर पडते. एखाद्या मोठ्या मोटारीस लाजवील असा हा आकडा इंजिनाने एकट्याने मिळविलेला नाही.

६. भारतातील लहान विमान

भारतात स्वातंत्र्योत्तर काळात फ्लाइंग क्लबांसाठी हिंदुस्थान एअरक्राफ्ट या कारखान्याने ‘पुष्पक’ हे दोनआसनी विमान केले. ते सप्टेंबर १९५८ मध्ये प्रथम उडाले व त्यास काँटिनेंटलचे ९० अश्वशक्तीचे इंजिन होते. पुढे बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने रुटानच्या ‘लाँग-ईझेड’ या हौशी बांधणीच्या विमानावर आधारलेले एक संशोधन-विमान १९८७ मध्ये उडविले. घरी बांधावयाच्या विमानाची विद्या शासकीय प्रयोगशाळेने आत्मसात करावी, ही घटना या इतिहासात नोंदण्याजोगी आहे. या अनुभवानंतर ‘हंसा’ हे विमान १९९३ मध्ये उडाले. ‘हंसा-३’ या प्रमाणित नमुन्यास ऑस्ट्रियातील रोटॅक्स कंपनीचे टर्बोचार्जर असलेले ९१४ इंजिन बसविले गेले, तर सप्टेंबर २०२१ मध्ये उडालेल्या नव्या नमुन्यात त्याच घराण्यातील ९१२ हे इंधन-अंतःक्षेपणाचे इंजिन आले.

रोटॅक्सचा इतिहासही परक्या कामाच्या इंजिनाचा इतिहास आहे. बर्फावरील गाड्यांसाठी टू-स्ट्रोक इंजिने करणाऱ्या या कंपनीची इंजिने हौशी मंडळींनी हलक्या विमानांना लावली, आणि त्या मागणीतून १९८९ मध्ये विमानासाठीच रचलेले चार-स्ट्रोक ९१२ हे इंजिन प्रचारात आले. मूळ नमुना ८० अश्वशक्तीचा व सुमारे साठ किलो वजनाचा. दर अश्वशक्तीमागे पाऊण किलो. विहिरीवरच्या लिस्टरशी तुलना केल्यास हा भार सत्तर पटींनी कमी भरतो. ते मिनिटास साडेपाच हजारांहून अधिक फेरे घेते व गिअरने पंखा संथ फिरवते. मोटारीचे पेट्रोल त्यास चालते, ही त्याच्या लोकप्रियतेची मोठी किल्ली होय.

महाराष्ट्रातील घरी बांधलेल्या विमानाचे ठळक उदाहरण म्हणजे अमोल यादव या वैमानिकाने मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागातील इमारतीच्या गच्चीवर बांधलेले सहाआसनी विमान. ते फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईतील ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिले, २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली आणि २०२० मध्ये धुळे येथे त्याच्या उड्डाणचाचण्या झाल्या. सांगाडा गच्चीवर होऊ शकतो हे त्याने दाखविले. नोंदणी, परवाना व चाचणी यांना लागलेली वर्षे मात्र बांधणीइतकीच बोलकी आहेत.

जुन्नरच्या पूर्वेस लागून असलेल्या जिल्ह्यातील एक प्रयत्नही येथे सांगितला पाहिजे. अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथील संरक्षण खात्याच्या वाहन संशोधन संस्थेने बंगळूरच्या दोन संस्थांच्या सहकार्याने ५५ अश्वशक्तीचे वँकेल पद्धतीचे इंजिन सिद्ध केले, आणि २००९ मध्ये त्यावर ‘निशांत’ हे वैमानिकरहित विमान उडविले गेले. वँकेल इंजिनात वरखाली होणारा दट्ट्या नसून फिरता त्रिकोणी भाग असतो. म्हणून ते हलके व कमी थरथरणारे असते, पण इंधन काहीसे अधिक जाळते. ठरावीक तासांच्या टेहळणीस ते योग्य ठरले. काळ कळला म्हणजे निवड कळते, याचे हे देशी उदाहरण.

७. उंची आणि ऊन

हे सर्व आकडे समुद्रसपाटीचे व थंड हवेचे आहेत. जुन्नर समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे. वैशाखातील दुपारी तापमान ३५ अंशांवर गेले म्हणजे तेथील हवेची घनता प्रमाण हवेपेक्षा सुमारे चौदा टक्क्यांनी कमी होते. टर्बोचार्जर नसलेल्या इंजिनाची शक्तीही जवळपास त्याच प्रमाणात घटते. ८० अश्वशक्तीचे इंजिन सत्तरीच्या आत येते. त्याच वेळी पंखांना उचल मिळण्यासाठी अधिक वेग, म्हणून अधिक लांब धावपट्टी लागते. शेजारच्या हरिश्चंद्रगडाची उंची १,४०० मीटरांहून अधिक आहे, आणि कोकणाकडून येणारा वारा घाटमाथ्यावर आदळून खाली-वर उसळतो. अशा प्रदेशात केवळ इंधन वाचविण्यासाठी निवडलेले लहान इंजिन चढाईच्या वेळी अपुरे पडू शकते. चढाईसाठी राखलेली शक्ती हा अपव्यय नव्हे; ती जीविताची तरतूद होय.

तथापि शक्ती हेही सर्वस्व नाही. ७ जुलै १९६२ च्या पावसाळी रात्री अलितालिया कंपनीचे मुंबईकडे येणारे जेट विमान जुन्नर तालुक्यातील दावंड्याच्या डोंगरावर आदळले व त्यातील सर्व ९४ जण मृत्युमुखी पडले. त्यास चार बलवान इंजिने होती. चुकले ते स्थानाचे अनुमान, व त्यामुळे विमान वेळेपूर्वीच खाली उतरविले गेले. लहान विमानाच्या चर्चेत या दुर्घटनेचे स्थान इतकेच की, डोंगराळ मुलखात इंजिनाची चर्चा मार्ग, हवामान व उंची यांच्या चर्चेपासून तोडता येत नाही.

८. ऊस आणि इंधन

जुन्नर तालुक्यात विघ्नहर व आंबेगाव तालुक्यात भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने आहेत. उसाच्या रसापासून व मळीपासून इथेनॉल होते, आणि ते पेट्रोलमध्ये मिसळण्याचा विचार जुना आहे. १९४८ मध्येच त्यासाठी कायदा झाला होता. २००१ मध्ये मिरज व मनमाड ही महाराष्ट्रातील गावे प्रायोगिक मिश्रणासाठी निवडली गेली, २००३ पासून काही राज्यांत पाच टक्के मिश्रण सुरू झाले, २०२२ मध्ये देशाची सरासरी दहा टक्क्यांवर गेली व २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर पोहोचली. ऊसकरी शेतकऱ्यास हे हितावह आहे. परंतु या निर्णयाचा परिणाम लहान विमानावर कसा होतो, हे तपासणे आवश्यक आहे.

एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश उष्णता असते. म्हणून वीस टक्के मिश्रणात दर लिटरमागे सुमारे सात टक्के शक्तिसंचय घटतो, व त्याच टाकीत विमानाचा पल्ला तितका आखूड होतो. इथेनॉल पाणी शोषून घेते. पाणी वाढले व तापमान उतरले, तर मिश्रण फुटून पाणी-इथेनॉलचा थर तळाशी बसतो, आणि इंजिनाकडे जाणारी नळी तळातूनच निघते. काही जातींचे रबर व घरी बांधलेल्या विमानांच्या टाक्यांत वापरलेले काही राळयुक्त पदार्थ इथेनॉलने मऊ पडतात. मोटार अशा वेळी रस्त्याच्या कडेस थांबते. विमानास कडा नसते. रोटॅक्स ९१२ साठी उत्पादकाने दहा टक्क्यांपर्यंतच इथेनॉल मान्य केले आहे. म्हणजे पंपावर सहज मिळणारे पेट्रोल चालते, या ज्या गुणासाठी हे इंजिन पसंत केले गेले, तो गुण भारतात मिश्रण वाढताच क्षीण झाला. दुसरा पर्याय विमानाच्या खास पेट्रोलचा. ते पूर्वी परदेशातून आणावे लागे. सप्टेंबर २०२२ मध्ये इंडियन ऑइलने वडोदरा येथे तयार केलेले असे पेट्रोल बाजारात आणले. त्यात शिसे असते, व शिशाच्या गाळामुळे रोटॅक्ससारख्या इंजिनाचे तेल अधिक वेळा बदलावे लागते. म्हणून मोठ्या विमानतळांवर सर्वत्र मिळणाऱ्या जेट इंधनावर चालणारी, मोटारीच्या डिझेल इंजिनापासून विकसित केलेली नवी इंजिने २००२ च्या सुमारापासून पुढे आली आहेत. जड असूनही ती पुरवठ्याच्या प्रश्नाचे उत्तर देतात.

इथेनॉल हे विमानास सर्वथा वर्ज्य आहे, असा मात्र याचा अर्थ नाही. ब्राझील या उसाच्या देशात ‘इपानेमा’ या फवारणीच्या विमानास केवळ इथेनॉलवर उडण्याचे प्रमाणपत्र २००४ मध्ये मिळाले. मालिकेने तयार होणाऱ्या विमानांत असे ते पहिले. तेवढ्याच उष्णतेसाठी इथेनॉलचे वजन पेट्रोलच्या सुमारे १.६ पट भरते, हे खरे. पण फवारणीचे विमान शेताजवळच्या पट्टीवरून उडते, थोड्या वेळात परत येते व इंधन जवळच्याच कारखान्यातून मिळविते. अल्प काळ, जवळचा पुरवठा आणि इथेनॉलसाठी मुद्दाम बदललेले इंजिन, असा तेथे मेळ आहे. इथेनॉल चोरपावलांनी टाकीत शिरणे आणि इथेनॉल जाणून निवडणे या दोन सर्वस्वी भिन्न गोष्टी होत.

९. निष्कर्ष

वरील विवेचनातून तीन गोष्टी सिद्ध होतात. पहिली, लहान विमानांच्या इतिहासात ‘उत्तम इंजिन’ असे निरपेक्ष काही आढळत नाही. फोर्डचे मोटार-इंजिन, बर्फगाडीचे टू-स्ट्रोक, जनित्राचे दोन-सिलिंडरी यंत्र व वँकेल यांपैकी प्रत्येक आपापल्या कालावधीस व कामास योग्य ठरले. दुसरी, इंधनाची मोठी बचत इंजिनाच्या अदलाबदलीपेक्षा सांगाड्याचा अवरोध, वजन व वेग यांच्या संयमातून झाली. तिसरी, इंधनविषयक धोरण जमिनीवरील वाहनांसाठी ठरते व लहान विमानास ते निमूटपणे स्वीकारावे लागते. म्हणून बांधणाऱ्याने इंजिन निवडण्यापूर्वी पुढील दहा-वीस वर्षांत कोणते इंधन जवळ मिळेल याचा विचार करणे अगत्याचे आहे.

जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्याने विहिरीवर इंजिन बसविताना तेल, दुरुस्ती आणि काम यांचा जो हिशेब केला, त्यास वजन व उंची या दोन रकमा जोडल्या की घरी बांधलेल्या विमानाचा हिशेब तयार होतो. त्याच तालुक्यांतील ऊस उद्या अशा विमानाचे इंधन होऊ शकेल काय, या प्रश्नाचे उत्तर ब्राझीलच्या उदाहरणावरून अनुकूल देता येते. मात्र त्यासाठी इथेनॉलसाठी रचलेले व तपासलेले इंजिन, पाणी न शिरणारा साठा आणि सह्याद्रीच्या उंचीस पुरेल इतकी राखीव शक्ती या अटी प्रथम पुऱ्या झाल्या पाहिजेत. या अटी टाळून केलेली काटकसर म्हणजे बचत नव्हे, उधारी होय. आणि हवेतील उधारी फेडावयास मुदत मिळत नाही.